दूरचित्रवाणी संचाची निवड

दिवाळीच्या सुमारास राजुऱ्याच्या बाजारात गेलेल्या गिऱ्हाइकाचे मन सर्वांत मोठ्या पडद्याच्या दूरचित्रवाणी संचावर जडते. परंतु मुलांनो, संच दुकानात नव्हे, घरात पाहावयाचा असतो. म्हणून खरेदीस निघण्यापूर्वी आपली खोली मोजावी.

'४३ इंची' ही पडद्याची रुंदी नव्हे; समोरासमोरील दोन कोपऱ्यांमधले ते अंतर, म्हणजेच कर्ण होय. हा कर्ण सुमारे १०९ सेंटीमीटर भरतो. रुंदी मात्र ९५ व उंची ५४ सेंटीमीटरच असते. बसावयाची जागा कर्णाच्या साधारण दीडपट ते अडीचपट अंतरावर असावी. फार जवळून सबंध चित्र एका दृष्टीत मावत नाही. फार दुरून अक्षरे वाचवत नाहीत.

दुसरी गोष्ट तेजाची. बहुतेक सपाट पडद्यांतील द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत. पाठीमागील दिव्यांचा प्रकाश ते अडवितात किंवा सोडतात. दुकानाच्या लखलखाटात चित्र उठून दिसावे म्हणून हे दिवे पुष्कळदा प्रखर ठेवलेले असतात. घरी इतके तेज लागत नाही; ते वाढविल्यास वीज मात्र अधिक खर्च होते. म्हणून सारख्या आकाराच्या संचांची तुलना करताना वीजबचतीच्या चिठ्ठीवरील तारे मोजावेत. तारे अधिक, तर वीज कमी.

राजुरा तालुक्यात सास्ती येथे कोळशाची खाण आहे. कोळसा बनण्यास कोट्यवधी वर्षे लागतात. वीजकेंद्राच्या भट्टीत तो पाहता पाहता जळून जातो. अंथरूण पाहून पाय पसरावे, तशी खोली पाहून पडद्याची निवड करावी. त्यात घराचा पैसा वाचतो आणि भूमीचे धनही राखले जाते.