मनही आजारी पडते, लपवू नका

ताप आला की आपण दवाखाना गाठतो. पाय मुरगळला तर शेजारीण हळदीचा लेप घेऊन येते. मन आजारी पडले तर मात्र घरातल्या घरात झाकून ठेवतो. "लोक काय म्हणतील, पोरीचं लग्न कसं जमेल," या धास्तीत महिने निघून जातात आणि दुखणे वाढते.

वस्तीत ताणाला तोटा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, पाण्याची रांग, कंत्राटी काम, बचत गटाचा हप्ता, मोबाईलवरून काढलेल्या कर्जाचे धमकीचे फोन. शिकणाऱ्या मुलांचा ताण आणखी वेगळा. स्पर्धा परीक्षेत वर्षे जातात, कॉलेजात आडनाव विचारून टोमणे मारले जातात. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवले, त्यांना कशाला दुःख द्यायचे, म्हणून मुले घरी बोलत नाहीत.

ताण आला म्हणजे आजार झाला असे नाही. पण पुढील लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवावे :

- झोप न लागणे, पहाटेच जाग येणे किंवा दिवसभर झोपून राहणे
- भूक मरणे, कशातच मन न लागणे
- सतत चिडचिड, रडू येणे, छातीत धडधड
- तपासणीत काही न सापडता डोके, पाठ, पोट दुखत राहणे
- "माझ्या जगण्याला अर्थ नाही" असे बोलणे

ताण उतरावा म्हणून घेतलेली दारू झोप बिघडवते आणि उदासी वाढवते. बाबासाहेबांनी 1956 साली दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे; ती मनाच्या आरोग्यासाठीही मोलाची आहे. "करणी केली" म्हणत भगताकडे पैसे घालवणेही आपल्याला शोभत नाही. मनोविकार हा आजार आहे, त्याला उपचार आहेत.

घरात काय करता येईल? झोपण्या-उठण्याची वेळ ठरवा, रात्री मोबाईल दूर ठेवा, रोज अर्धा तास चाला. विहारात शिकवली जाणारी आनापान साधना दहा मिनिटे केली तरी बेचैनी कमी व्हायला मदत होते. मात्र ती औषधाची जागा घेत नाही. आणि घरचे माणूस बोलू लागले की "मन घट्ट कर" म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. आधी ऐकून घ्या.

आपल्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात जा. जाणे जमत नसेल तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या मनाने बंद करू नका. या गोळ्यांची दारूसारखी सवय लागत नाही. झोपेच्या गोळ्यांची मात्र लागू शकते, म्हणून त्या दुकानातून परस्पर आणू नका.

कोणी मरणाची भाषा करत असेल तर "जीव द्यायचा विचार येतो का?" असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका, उंदराचे औषध, फिनाईल, गोळ्या दूर ठेवा आणि दवाखान्यात न्या. पोलीस केस होईल या भीतीने थांबू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे धरले जाते आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर आहे.

रविवारच्या वंदनेनंतर आपण एकमेकांच्या बीपी-शुगरची चौकशी करतोच. यापुढे "झोप लागते का रे, मन कसं आहे?" एवढेही विचारू या. ज्याला गरज आहे त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत जाऊ या.