पत्रा गळत नाही, त्याला घाम येतो: माळ्यावरच्या ओलीचं काय करायचं?

थंडीचे दिवस, महिनाभर पावसाचा थेंब नाही. तरी सकाळी माळ्यावर जावं तर गादीवर ओले ठिपके, शेंगांच्या पोत्याचं तोंड दमट आणि पत्र्याच्या नागमोडी पट्ट्यांना ओळीने लटकलेले थेंब. ओतूर, पिंपरी पेंढार, आळेफाटा या कल्याण-अहिल्यानगर रस्त्याच्या पट्ट्यात ज्यांच्या घरावर पत्रा आहे त्यांना हे नवं नाही. पहिला संशय पत्र्यावरच जातो. कुठंतरी भोक पडलंय, स्क्रूचा वायसर गेलाय. मग मिस्त्री येतो, स्क्रूवर डांबर थापतो, भिंत आणि पत्रा यांच्यातल्या फटी सिमेंटने भरतो, वरून प्लास्टिक टाकून देतो. पैसे जातात आणि पुढच्या थंडीत पाणी आधीपेक्षा जास्त पडतं.

जास्त पडणारच. ते पाणी आपल्याच घरातून वर गेलेलं असतं आणि त्याची बाहेर जायची वाट आपण सिमेंटने बुजवलेली असते.

हे नीट समजून घेऊ. हवेत नेहमी थोडी वाफ असते. गरम हवा जास्त वाफ धरते, थंड हवा कमी. २० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी धरू शकते, १० अंशांना जेमतेम ९ ग्रॅम. म्हणजे हवा गार झाली की उरलेलं पाणी तिला सोडावंच लागतं. समजा घरातली हवा २० अंश आहे आणि आर्द्रता ६० टक्के. अशी हवा १२ अंशांपर्यंत गार झालेल्या कुठल्याही वस्तूला लागली की तिथं दव धरतं. आणि रात्री घरात सगळ्यात गार काय असतं? पत्रा. आभाळ निरभ्र असलं की पत्रा आपली उष्णता वर आकाशात सोडत राहतो आणि पहाटेपर्यंत बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो, तसाच हा आतून येतो. म्हणून ढगाळ रात्री त्रास कमी आणि चांदणं पडलेल्या कडक थंडीत जास्त.

आता घरात एवढी वाफ येते कुठून? झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पाव लिटर तरी पाणी हवेत सोडतो. पाच माणसांचं घर असेल तर इथंच सव्वा लिटर झालं. त्यात आंघोळीचं गरम पाणी, शिजणारा भात, वाळत घातलेले कपडे. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: गॅसच्या ज्योतीतूनही पाणी तयार होतं. १ किलो गॅस जळला की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ होते. म्हणजे १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघरात २२-२३ लिटर पाणी नुसत्या ज्योतीतून आलेलं असतं, भांड्यातली वाफ वेगळीच. उबदार हवा हलकी, ती जिन्याच्या तोंडातून सरळ माळ्यावर जाते.

आपल्या घरांत यात आणखी एक भर पडते, ती सेहरीची. फजरच्या आधीच्या तासा-दोन तासांत पत्रा चांगलाच गार झालेला असतो, आणि नेमकी तेव्हाच चूल पेटते, चहा उकळतो, वजूचं पाणी तापतं. रमजान दरवर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२६ चा रमजान फेब्रुवारीच्या मध्यानंतर सुरू होणारा, तर २०३० मध्ये तो जानेवारीत येईल आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर पुन्हा एकदा. म्हणजे पुढची काही वर्षं सेहरी ऐन थंडीतच आहे.

जुन्या घरात हे का होत नव्हतं, असं बुजुर्ग विचारतात. होत होतं, पण कमी. मंगलोरी कौल मातीचं, ते थोडी ओल पिऊन घेतं आणि उन्हात सोडून देतं. दोन कौलांमधल्या फटींतून हवा सतत निघून जायची. खाली चूल असायची, तिच्या धुराने माळा कोरडा राहायचा, म्हणून तर बियाण्याची कणसं चुलीवर टांगत. अर्थात त्या धुरानं अम्मी-नानींचे डोळे आणि छातीही खराब केली, तेव्हा ते दिवस परत यावेत असं कुणी म्हणू नये. पण कौल गेलं, पत्रा आला, चूल जाऊन गॅस आला, खाली छान पीव्हीसीचं सीलिंग बसलं आणि या सगळ्यात हवेची वाट कुणी मोजलीच नाही. सीलिंगमुळे तर थेंब दिसायचेही बंद झाले. ते वरच्या वर साठतात, लाकडी पट्ट्या कुजतात, आणि एक दिवस बल्बच्या भोकातून पाणी टपकतं.

कांदा चाळीला जे कळतं

खरं तर या भागात हवेचं शास्त्र कुणाला शिकवायची गरज नाही. पिंपरी पेंढारचा कांदा उत्पादक आपली चाळ कशी बांधतो ते बघा. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, खालून हवा. बाजूला बांबू किंवा लाकडी पट्ट्या, मधे फटी. रास फार रुंद नाही, फार उंच नाही, कारण मधल्या कांद्याला हवा लागली नाही की तो सडतो. कांदा काढल्यावरही जिवंत असतो. श्वास घेतो, उष्णता आणि ओलावा सोडतो. तो ओलावा निघून गेला तर माल चार-पाच महिने टिकतो, अडकला तर काजळी धरते, वास सुटतो. चाळीच्या फटी सिमेंटने बुजव म्हटलं तर शेतकरी आपल्याला वेड्यात काढेल.

तोच माणूस घराच्या माळ्याच्या फटी मात्र बुजवून घेतो. आणि माळ्यावर काय असतं? श्वास घेणारी पोरं, नव्या लग्नाच्या जोडप्याची खोली, वर्षाचं धान्य.

उपाय चाळीचाच आहे: खालून हवा आत, वरून बाहेर. पत्रा भिंतीवर टेकतो तिथं त्याच्या नागमोडीमुळे आपोआप फटी राहतात. त्या भरू नका, भरल्या असतील तर काही ठिकाणी फोडून बारीक जाळी लावा. ही आत येणारी हवा. बाहेर जायला आढ्याजवळ वाट पाहिजे. सगळ्यात सोपं म्हणजे दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत अगदी वर समोरासमोर जाळीचे झरोके. किती मोठे? अमेरिकेतल्या बांधकाम नियमात माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेवा भाग उघडा ठेवा असं धरतात, निम्मा खाली आणि निम्मा वर. १० बाय २० फुटांच्या माळ्याला हा हिशेब सव्वा चौरस फुटाच्या थोडा वर येतो. पण डासांची जाळी बरीच हवा अडवते, म्हणून दुप्पट धरा. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मोठे झाले तरी बिघडत नाही. छपरावर वाऱ्याने फिरणारे गोल पंखे बसवतात, तेही चालतात, पण खाली हवा आत यायला जागा नसेल तर तो पंखा फिरतो आणि काम काही करत नाही.

झरोका म्हटलं की घरात तीन हरकती येतात. पहिली पर्द्याची: वर लेकी-सुनांची खोली आहे, समोर शेजाऱ्याची गच्ची. झरोका नजरेच्या वर, सहा-सात फुटांवर घ्या आणि बाहेरच्या बाजूला उतरत्या पट्ट्यांचा ठेवा. हवा जाते, नजर जात नाही. जुन्या दख्खनी इमारतींतल्या दगडी जाळ्यांनी हेच काम शतकानुशतकं केलंय. दुसरी हरकत जनावरांची. जुन्नर भागात बिबट्याची भीती खोटी नाही, साप-उंदीर तर रोजचेच. पाव इंचापेक्षा बारीक छिद्राची, भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी जाळी लावा, ती या सगळ्यांना पुरते. तिसरी थंडीची. वारा आत आला तर पोरं गारठतील. खरं आहे, थोडं गार होईल. पण कोरड्या गार खोलीत रजई पुरते, ओल्या गादीत दोन रजयांनीही ऊब येत नाही. ऐपत असेल तर पत्र्याच्या खालून फॉइलचा उष्णतारोधक थर लावून घ्या. पत्र्याची आतली बाजू फार गार झालीच नाही तर घाम येणार नाही, आणि उन्हाळ्यातही आराम. हा थर वायरिंगला चिकटून नको, पेट घेऊ शकतो.

मात्र आधी एक कमी खर्चाचं काम. वाफ माळ्यावर जाऊच नये हे बघा. स्वयंपाकघरात एग्झॉस्ट पंखा लावा, तो थेट बाहेर उघडणारा. काही घरांत तो माळ्याच्या पोकळीत सोडलेला दिसतो, हे म्हणजे वाफ हाताने वर नेऊन देणं. भांड्यावर झाकण, न्हाणीघराचं दार बंद आणि खिडकी उघडी, आणि माळ्याच्या जिन्याच्या तोंडाला घट्ट बसणारं दार. सेहरीच्या वेळी पंखा लावा आणि चूल बंद झाल्यावर आणखी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा.

गळती की घाम, हे कसं ओळखायचं

गळती पावसानंतर दिसते, एकाच जागी, भोवती तपकिरी कडा धरून. घाम बिनपावसाच्या थंड पहाटे, सगळ्या पत्र्यावर सारखा, आणि ऊन चढलं की नाहीसा. भिंत ओली असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आलं तर हवेतली वाफ, मागच्या बाजूला आलं तर भिंतच पाणी पितेय, आणि तिथं झरोक्याचा उपयोग नाही, गिलावा आणि पन्हाळ बघावी लागेल. पावसाळ्यात बाहेरचीच हवा भिजलेली असते, तेव्हा माळा पूर्ण कोरडा होण्याची अपेक्षा ठेवू नये. त्या दिवसांत फक्त ओले कपडे माळ्यावर वाळत घालू नका आणि सामान भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर ठेवा.

ओल राहू दिली तर नुकसान गादीपुरतं थांबत नाही. बुरशीच्या बारीक बीजाणूंनी दम्याच्या मुलांचा त्रास वाढतो. शेंगदाणे आणि मक्यावर येणारी हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृतावर जातं आणि भाजून किंवा शिजवून पुरतं जात नाही. वरची बुरशी पुसून दाणे वापरू नका, टाकून द्या, आणि जनावरांनाही घालू नका, ते दुधात उतरतं. कुरआन शरीफच्या जुन्या प्रती, निकाहनामा, जमिनीची कागदपत्रं अनेक घरांत माळ्यावरच्या पेटीत असतात. ती आधी खाली आणा. पानं दमट झाली असतील तर कडक उन्हात नको, सावलीत पंख्याखाली, मधे साधे कोरे कागद घालून वाळवा.

भिंतीवरची बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, ती घरभर उडते. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच वापरलंच तर त्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड मिसळू नका, विषारी वायू होतो. माळा वाळवायला किंवा ऊब यायला बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणं तर अजिबात नको. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस उठतच नाही.

छप्पर जुन्या सिमेंट पत्र्याचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा. त्याला झरोक्यासाठी कापू किंवा घासू नका, धूळ फुफ्फुसाला घातक असते. भोक भिंतीत पाडा. आणि मिस्त्रीला बोलवायचं तर दिवाळीच्या आसपास, पाऊस पूर्ण उघडल्यावर आणि थंडी पडायच्या आत. काम झालं की पहिल्याच कडक थंडीच्या पहाटे, फजरला उठाल तेव्हा, बॅटरी घेऊन वर जा आणि पत्र्यावर हात फिरवून बघा. अजून ओला लागला तर वरचा झरोका वाढवायचा, डांबर लावायचं नाही.