उंची दिसते, पावलं बघा

घरात वयाच्या मानाने ताडमाड वाढलेलं मूल असलं, की येणारा-जाणारा सांगतो, “याला बास्केटबॉलला घाला.” आपल्या रायपूरकरांना तर भिलाई शेजारीच. तिथे राजेश पटेल यांनी मुलींना घडवून छत्तीसगडचा संघ देशात पहिला आणून दाखवला. तेव्हा जरूर घाला. पण वर्षभराने मूल पुढे सरकलंय का, हे कशावरून ओळखाल? बहुतेक आईबाबा गुण मोजतात. तिथेच फसगत होते.

सतनामसिंग भामरा आठवतो? पंजाबातल्या बल्लो के गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत शिकला आणि २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला. जून २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, डॅलस मॅव्हरिक्सने ५२व्या क्रमांकावर त्याचं नाव घेतलं. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच खेळाडू. पुढे टेक्सास लेजंड्स या दुय्यम लीगच्या संघात तो खेळला, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. नंतर तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

त्याचा हात चांगला होता, नेम मऊ होता. पाय मात्र जड. आणि खेळ नेमका त्याच काळात बदलत होता. त्याच महिन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्स लांबून तीन-तीन गुणांचे बास्केट मारत विजेते झाले. रिंगखाली उभं राहून चेंडूची वाट पाहणाऱ्या उंच खेळाडूचे दिवस सरत होते.

आता आपल्या मुलाकडे या. रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते. शाळेच्या सामन्यात उंच मूल तिच्याखाली उभं राहून वीस गुण सहज करतं, कारण समोरचे त्याच्या खांद्याला लागतात. तेवढ्याच उंचीचा भिडू समोर आला की खरा खेळ कळतो. चेंडू हातात आल्यावर तो कमरेपर्यंत खाली आणतो का? आणत असेल तर बुटकी मुलं तो हिसकावणारच. पास घेण्याआधी पाय वळलेले असतात, की चेंडू आल्यावर विचार सुरू होतो? डाव्या हाताने ले-अप जमतो? फ्री थ्रोची तर वहीच ठेवा. दर रविवारी वीस टाकायला लावा, किती गेले ते लिहा. तिथे समोर कुणी अडवायला नसतं, त्यामुळे उंचीचा आडोसाही नसतो.

कोचना एक गोष्ट विचाराच: सरावात याला ड्रिबल करू देता, की नुसतं रिंगखाली उभं करता? जिंकायच्या घाईत उंच मुलाला खांबासारखं वापरलं जातं. पण हल्ला करणाऱ्याला त्या रंगवलेल्या चौकोनात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, हा नियम मोठ्या स्पर्धेत त्याला महागात पडतो.

रील्समध्ये फक्त डंक दिसतात. तुम्ही पुढच्या सामन्यात मोबाइल काढाल, तेव्हा दहा मिनिटं चेंडूवर न धरता फक्त मुलाच्या पायांवर धरा. चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो, ते घरी दोघांनी मिळून बघा.