मोठा संगणक आणि टेबलावरचा संगणक

मालवणच्या जुन्या माणसांना बोट आणि पडाव यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू ट्रंका-वळकट्यांसह पडावातून किनाऱ्याला येत. कारखान्यांच्या कचेऱ्यांत मोठा संगणक आणि टेबलावरचा छोटा संगणक यांचे नाते पुष्कळसे असेच असते. मधला पडाव चुकला की कामगाराचे पैसे पाण्यात राहतात, म्हणून हा रुक्ष विषय आम्ही आपल्यापुढे मांडीत आहोत. आम्ही यंत्रविद्येचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. जे कळले ते युनियनच्या कामात, कचेरीतल्या भल्या माणसांना विचारून विचारून कळले.

गोष्ट २००६ सालची. मुंबईजवळच्या एका कारखान्यातून आपल्या जिल्ह्यातले एक गृहस्थ नोकरी संपवून गावी निघाले. १९९१ पासून ४ वर्षे ते कंपनीचे हंगामी कामगार होते आणि दरसाल २४० दिवसांहून अधिक भरलेले होते. पुढची ११ वर्षे कायम. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी ठरली होती ती नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची. हिशेब हाती पडला तो ११ वर्षांचाच. राहिलेल्या ४ वर्षांचा, म्हणजे ६० दिवसांचा, पगार कुठे गेला असे विचारले, तर उत्तर आले, “संगणकात नोंद नाही.” आम्ही विचारले, “कुठल्या संगणकात?” त्यावर कारकून गप्प झाले, कारण संगणक दोन होते.

पगाराचा हिशेब एएस/४०० नावाच्या यंत्रावर होता. हे यंत्र आयबीएम कंपनीने १९८८ साली बाजारात आणले. अवाढव्य नव्हे आणि टेबलावरचेही नव्हे, अशा मधल्या जातीचे. अनेक माणसांनी एकाच वेळी काम करावे यासाठी बांधलेले. (ही कंपनी १९७८ साली भारत सोडून गेली, तेव्हा उद्योगमंत्री होते कामगार चळवळीतले जॉर्ज फर्नांडिस. १९९२ साली ती टाटांच्या भागीदारीत परत आली. ते जाणे बरे की येणे बरे, यावर आमच्यात अजून वाद होतात. असो.) हंगामी कामगारांची हजेरी मात्र टाइम ऑफिसातल्या छोट्या संगणकावर, फॉक्सप्रोमध्ये ठेवलेली होती.

छोट्याने मोठ्याचे दप्तर वाचणे सोपे झाले होते. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी नावाची सोय काढली. तिला दुभाष्या म्हणावे. तो बसविला की टेबलावरचा कारकून मोठ्या यंत्रातला पगारपट आपल्या पडद्यावर ओढून घेई. उलट वाट अवघड होती. एएस/४०० मध्ये दप्तर सांभाळणारा कारभारी यंत्राच्या पोटातच असतो, रात्रंदिवस जागा. फॉक्सप्रोचे दप्तर म्हणजे नुसती फाइल, बंद ड्रॉवरमधल्या वहीसारखी. ती उघडण्याची अक्कल छोट्या संगणकातल्या प्रोग्रॅमला. वहीला ती नसते. मोठ्याने दार ठोठावले तरी आतून ‘ओ’ द्यायला कोणी नसे.

शिवाय लिपी निराळी. ‘ए’ हे इंग्रजी अक्षर छोटा संगणक आस्की पद्धतीने ६५ या अंकाने लिहितो, मोठा एब्सिडिक पद्धतीने १९३ ने. छोट्याच्या क्रमात आकडे आधी आणि अक्षरे नंतर. मोठ्याच्या क्रमात अक्षरे आधी. दोन्हीकडच्या याद्या आपापल्या क्रमाने लावून शेजारी ठेवल्या, तर त्या जुळतीलच असे नाही.

यातून वाटा निघाल्या. मोठ्याला मागता येत नसेल, तर छोट्यानेच ओडीबीसीमार्फत आपल्या नोंदी त्याच्याकडे नेऊन घालाव्या. १९९८ पासून एएस/४०० वर जाव्हा भाषेतले प्रोग्रॅम चालू लागले. तेव्हापासून जेडीबीसी या दुसऱ्या दुभाष्यामार्फत मोठ्याला स्वतः विचारता येऊ लागले, पण पलीकडे उत्तर देणारा प्रोग्रॅम जागा ठेवावा लागे. सर्वांत स्वस्त वाट पडावाची : छोट्याने नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवायच्या आणि ती फाइल मोठ्यात नेऊन ओतायची. यात लिपी बदलून घेता येते. मात्र पडाव सुटल्यानंतर किनाऱ्यावर काय घडले ते बोटीला कळत नाही; आजची दुरुस्ती उद्याच्या फेरीपर्यंत थांबते.

आमच्या कारखान्यात पडावच चालत होता, आणि तो वेळेवर पोचलाही होता. मग नोंद गेली कुठे? टाइम ऑफिसातल्या एका जुन्या कारकुनाने दोन्ही पडद्यांवरचे उतारे कागदावर काढून दिले, तेव्हा उलगडा झाला. मोठ्या यंत्रात बिल्ला नंबर सहा अक्षरांचा होता : ०००४१७. छोट्यात तोच नंबर संख्या म्हणून ठेवलेला, आणि संख्येच्या आधीची शून्ये यंत्र ठेवीत नाही. तिकडून आला नुसता ४१७. आपल्या लेखी दोन्ही एकच; मोठ्या यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसे. म्हणून ४ वर्षांची हजेरी यंत्रात येऊनही बिनवारस पडून राहिली.

नंबरापुढे शून्ये भरून घेण्याची दुरुस्ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आमच्या देखत केली. चहा निवायच्या आत ४ वर्षे पडद्यावर आली. ६० दिवसांच्या पगाराचा चेक पुढच्या महिन्यात निघाला. आम्ही मात्र त्याच दुपारी दुसरा अर्ज टाइप करून दिला होता : ज्यांचे बिल्ले शून्याने सुरू होतात, त्या सर्वांची हजेरी पुन्हा जुळवून पाहावी.