एक ग्रंथ, अनेक वाचक

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'दि बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या मराठी अनुवादाने तो आपल्या वस्त्यांत पोहोचला. नव्याने धम्म स्वीकारलेल्या माणसाला एकाच ग्रंथातून बुद्ध समजावा, ही त्यामागची दृष्टी. तथापि या एका ग्रंथावर उमटलेल्या प्रतिक्रिया एकमेकींपासून फार दूरच्या आहेत. असे का झाले, हे येथे तपासायचे आहे.

पहिला वाचक परंपरेचा. महाबोधी सोसायटीच्या 'महाबोधी' मासिकात १९५९ साली आलेल्या परीक्षणाचा सूर, हा बुद्धाचा नव्हे, आंबेडकरांचा धम्म आहे, असा होता. आक्षेपाचे एक ठिकाण म्हणजे गृहत्याग. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही रूढ कथा. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बाबासाहेबांच्या बुद्धीला पटले नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा पुढे आणला. युद्धाला विरोध करणारा सिद्धार्थ संघात एकाकी पडतो आणि देशत्याग पत्करतो, अशी त्यांची मांडणी आहे.

पालीचे अभ्यासक म्हणतात, अट्ठकथेत हा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे आणि तो स्वतः बुद्धांनीच मिटवला. हे म्हणणे खरे आहे. पण मग दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दीघनिकायाच्या महापदानसुत्तात ती चार दृश्ये गौतमाची नाहीत, विपस्सी बुद्धाची आहेत. धर्मानंद कोसंबींनी हे आधीच दाखवून दिले होते आणि गृहत्यागाच्या कारणासाठी सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताकडे बोट दाखवले होते. म्हणजे रूढ कथाही मागाहून रचलेलीच. शिवाय सारे भिक्षू विरोधात नव्हते. भदंत आनंद कौसल्यायन यांनी ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला आणि त्यातील मजकुराची पाली मुळे शोधून काढली.

दुसरा वाचक वस्तीतला. खरे तर तो श्रोता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारांतून या ग्रंथाचे वाचन चालते. माझी आई निरक्षर. ती अशा वाचनाला बसत असे. तिच्या लेखी अट्ठकथेचा वाद नव्हताच. कर्म आणि पुनर्जन्माचा भाग मात्र तिने कान देऊन ऐकला. मागच्या जन्मीचे पाप या जन्मी फेडायचे असते, हे तिला गावाने लहानपणापासून ऐकवले होते. बाबासाहेब कर्माचा नैतिक नियम मानतात, पण गतजन्मीच्या कर्माचा वारसा नाकारतात. तो भाग संपल्यावर आई एवढेच म्हणाली, "म्हंजी आपलं काय चुकलंच नव्हतं." पंडितांच्या परीक्षणांत मला या वाक्याच्या तोडीचे काही सापडलेले नाही.

तिसरा वाचक माझ्या वर्गात बसतो. एक विद्यार्थी विचारतो, शील पाळून जमीन मिळते काय? दुसरा इगतपुरीच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलेला. त्याची तक्रार नेमकी उलटी: या ग्रंथात समाजच फार, ध्यान फार थोडे. पहिल्याला मी सांगतो की, या ग्रंथातले दुःख हे माणसाने माणसाशी केलेल्या वर्तनातूनही येते. म्हणून दारिद्र्य आणि शोषण त्याच्या कक्षेबाहेर नाहीत. दुसऱ्याला सांगतो की, चार आर्यसत्ये रूढ पद्धतीने सांगितली तर धम्म निराशेचा होतो काय, हा बाबासाहेबांचा प्रश्न आधी सोडव. दोघांचेही पूर्ण समाधान होत नाही. व्हावे असा माझा आग्रहही नाही.

या प्रतिक्रिया वेगळ्या, कारण प्रश्न वेगळे. परंपरेचा वाचक विचारतो, हे मुळात आहे काय? माझी आई विचारत होती, माझ्या वाट्याला हे का आले? विद्यार्थी विचारतो, आता करायचे काय? बाबासाहेबांनी पहिल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले नाही. पण त्याचे उत्तर देताना दुसरा आणि तिसरा प्रश्न त्यांनी समोरून हलू दिला नाही. या मांडणीचे बळ त्यात आहे, आणि तिच्यावरच्या वादाचे मूळही त्यातच आहे.

येथे कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार समस्या मांडल्या आहेत: गृहत्याग, चार आर्यसत्ये, आत्मा-कर्म-पुनर्जन्म आणि भिक्खूचे प्रयोजन. त्या सोडवण्यास वाचकांनीही हातभार लावावा, अशी अपेक्षा त्यांनी शेवटी व्यक्त केली आहे. आज मात्र काही ठिकाणी ग्रंथाला हार घालतात, पाने भराभर वाचतात, आणि कोणी शंका काढली की त्याला गप्प बसवतात. पोथीच्या जाचातून सुटलेल्या समाजाने नवी पोथी करावी, हे कालामांना तपासून घ्या असे सांगणाऱ्या बुद्धांशी जुळत नाही.

तेव्हा येत्या वर्षावासात एवढे करून पाहावे. रोजचे वाचन अर्ध्यावर आणावे आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्यावा. पाली शिकणाऱ्या एखाद्या मुलाला शेजारी मूळ सुत्त घेऊन बसवावे. आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान मागे बसलेल्या बायांना द्यावा.