गडी, मालक आणि संमती

ऑक्टोबर १६४७. इंग्लंडच्या यादवी युद्धात हरलेला राजा पहिला चार्ल्स नजरकैदेत होता आणि त्याला हरवणारं सैन्य लंडनजवळ थेम्सच्या काठी पटनी गावात तळ ठोकून बसलं होतं. २८ तारखेला तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये या सैन्याची परिषद भरली. सेनापती फेअरफॅक्स आजारी असल्यामुळे अध्यक्षपदी ऑलिव्हर क्रॉमवेल होता. समोर सरदार होतेच, पण प्रत्येक पलटणीने निवडून पाठवलेले साधे शिपाईही होते. पुढ्यात ‘लोकांचा करारनामा’ नावाचा मसुदा होता आणि प्रश्न असा होता, की राजा गेला तर राज्य कुणाच्या संमतीने चालवायचं?

दुसऱ्या दिवशी चर्चा मताधिकारावर आली. तोवर परगण्यात मत द्यायचं तर वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन लागे. हा नियम दोनशे वर्षांहून जुना होता. कर्नल टॉमस रेन्सबरो उभा राहिला आणि म्हणाला, की इंग्लंडातल्या सर्वांत गरीब माणसालाही सर्वांत थोर माणसासारखंच आपलं आयुष्य काढायचं असतं, म्हणून ज्या सरकारखाली तो राहणार त्याला आधी त्याची स्वतःची संमती हवी. क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन याने त्याला जे उत्तर दिलं, ते माझ्या मते पुढच्या दोनशे वर्षांच्या राजकीय विचाराला पुरून उरलं. निसर्गाने दिलेला हक्क म्हणून तुम्ही मत मागता, मग त्याच हक्काने दुसऱ्याच्या घरातलं अन्न, कपडा, जमीन का मागू नये? मालमत्ता निसर्गाने दिलेली नाही, ती कायद्याने आणि कराराने ठरते. नैसर्गिक हक्काचं दार एकदा उघडलं की मालमत्ता वाचत नाही.

रेन्सबरोने उत्तर दिलं, की चोरी करू नये ही ईश्वराचीच आज्ञा आहे. पण या उत्तराने आयर्टनचा मुद्दा सुटत नाही. दुसऱ्याची वस्तू घेऊ नये हे खरं, पण ती दुसऱ्याची मुळात झाली कशी? एडवर्ड सेक्सबी या शिपायांच्या प्रतिनिधीने वेगळा हिशेब मांडला. जमीन नाही म्हणून देशात हक्क नाही असं असेल, तर आम्ही जीव धोक्यात घातला तो कशासाठी? आम्ही भाडोत्री होतो का?

मताधिकार वाढवू पाहणाऱ्यांनाही सगळेच हवे होते असं नाही. त्यांच्यातल्याच मॅक्सिमिलियन पेटीने नोकर, उमेदवार आणि भिक्षेवर जगणारे यांना वगळायची तयारी दाखवली. ते दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून, त्यांचं मत त्यांचं स्वतःचं नसणार, असं त्याचं म्हणणं होतं. स्त्रियांचा विषयही निघाला नाही. समतेच्या बाजूच्या माणसांनीच घरचा गडी दाराबाहेर उभा केला, हे मला या वादातलं सर्वांत दुखरं वळण वाटतं.

विल्यम क्लार्क या चिटणिसाने हे बोलणं लघुलिपीत उतरवून घेतलं. त्याची कागदपत्रं ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात पडून राहिली आणि चार्ल्स फर्थ या इतिहासकाराने ती १८९१ मध्ये छापली. त्यामुळे तत्त्वज्ञ जॉन लॉकने ही चर्चा कधी वाचली नसणार. ती झाली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि त्याच वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत दाखल झाला होता. तरीही त्याच्या ‘टू ट्रीटिझेस ऑफ गव्हर्न्मेंट’मधलं मालमत्तेचं प्रकरण वाचताना समोर आयर्टन बसला आहे असं वाटत राहतं.

प्रत्यक्षात त्याच्या समोर रॉबर्ट फिल्मर होता. फिल्मर १६५३ मध्येच वारला होता, पण त्याचं ‘पॅट्रिआर्का’ १६८० मध्ये राजपक्षाने छापून काढलं. राजाची सत्ता आदमच्या पितृसत्तेतून उतरलेली आहे, हा त्याचा सिद्धांत आज कुणी गंभीरपणे घेत नाही. पण विरोधकांना त्याने विचारलेला प्रश्न टोकदार होता. पृथ्वी मुळात सर्वांची सामाईक असेल, तर तिचा तुकडा एकाने आपला करण्यासाठी झाडून साऱ्या माणसांची संमती लागेल. ती कधी घेतली? जन्माला न आलेल्यांची कशी घेतली?

लॉकने हा पेच सोडवला तो संमतीची गरजच काढून टाकून. माणूस स्वतःच्या देहाचा मालक, म्हणून देहाच्या श्रमाचाही मालक. ज्या वस्तूत त्याने श्रम ओतले ती त्याची झाली. झाडाखालची फळं वेचणाऱ्याने साऱ्या जगाची परवानगी काढायची ठरवली असती, तर तो उपाशी मेला असता. लॉक दोन अटी घालतो. घेतलेलं नासू नये, आणि इतरांसाठी पुरेसं व तितकंच चांगलं शिल्लक राहावं. पुढे नाणं आलं. सोनं-चांदी नासत नाही, म्हणून पहिली अट सैल झाली. आणि नाणं चालवायला माणसांनी मूक संमती दिली, म्हणजे विषमतेलाही दिली, असं तो म्हणतो.

आता याच पुस्तकात संमती कुठे कडक आहे ते पाहा. सरकारने प्रजेच्या मालमत्तेला हात लावायचा, कर घ्यायचा, तर बहुमताची संमती हवीच, मग ती लोकांनी स्वतः दिलेली असो वा प्रतिनिधींमार्फत. लॉकचं उदाहरण सैन्यातलं आहे. हवालदार शिपायाला तोफेच्या तोंडी चालत जायचा हुकूम देऊ शकतो, पण त्याच्या खिशातली एक पेनी मागू शकत नाही. राजेशाहीविरुद्ध हे मोठं हत्यार होतं आणि ते लिहिणं जिवावरचं होतं. राजविरोधी ऑल्जर्नन सिडनीला १६८३ मध्ये देहदंड झाला, तेव्हा त्याच्या खोलीत सापडलेलं अप्रकाशित हस्तलिखितच त्याच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभं केलं गेलं. त्याच वर्षी लॉक हॉलंडला निघून गेला. पुस्तक १६८९ मध्ये निनावी निघालं आणि आपण त्याचा लेखक आहोत हे त्याने मृत्युपत्रातच मान्य केलं. त्याच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण सेक्सबीच्या शिपायाच्या खिशात पेनीच नव्हती. त्याला हवं होतं मत, आणि मत कुणाला असावं याबद्दल लॉक स्पष्ट काही सांगत नाही. गरिबाच्या वाट्याला येते ती मूक संमती. देशाच्या रस्त्यावरून चाललात, आठवडाभर मुक्काम केलात, की दिलीच. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये यावर बोट ठेवलं. परकी भाषा न येणारा, रोजच्या मजुरीवर जगणारा शेतमजूर देश सोडून जाऊच शकत नाही, मग तो राहिला म्हणजे त्याने संमती दिली असं कसं म्हणायचं?

मालमत्तेच्या प्रकरणात एक छोटं वाक्य आहे, त्यावरून विद्वानांचे वाद अजून मिटलेले नाहीत. सामाईक माळावर माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत, माझ्या गड्याने कापून काढलेली माती आणि मी स्वतः खणलेलं खनिज, ही सगळी माझी मालमत्ता, असं लॉक सांगतो. गड्याचा देह गड्याचा, हे आधीच्याच परिच्छेदात येऊन गेलं आहे. मग त्याच्या श्रमाचं फळ मालकाचं कसं झालं? मजुरीच्या करारामुळे, असं त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण ज्याच्यासाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं शिल्लक राहिलेलं नाही, त्याने केलेल्या मजुरीच्या कराराला किती अर्थ उरतो, हे मात्र लॉक विचारत नाही. त्या ओळीत गड्याची जागा घोडा आणि खनिज यांच्या मधोमध आहे.

लॉकला जग ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा तो सचिव होता. त्या वसाहतीच्या १६६९ च्या मूलभूत घटनेने प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामावर पूर्ण सत्ता दिली होती. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे पैसे होते. अमेरिकेतला राजा इंग्लंडच्या रोजंदारी मजुरापेक्षाही हलाखीत राहतो, कारण तिथली जमीन पडीक आहे, असं तो लिहितो. मका, घेवडा, भोपळा यांची शेती करणारे तिथले लोक त्याच्या हिशेबात येत नाहीत. १६९७ मध्ये गरिबांबद्दल अहवाल लिहिताना त्याने तीन वर्षांवरच्या मुलांनाही कामाच्या शाळांत घालायची शिफारस केली. हाच लॉक ‘टू ट्रीटिझेस’मधल्या पहिल्या प्रबंधात म्हणतो, की उपाशी माणसाचा दुसऱ्याच्या अतिरिक्त धनावर हक्क असतो. हे दोन्ही लॉक खरे आहेत, एकासाठी दुसरा लपवू नये.

उपाशी माणसाच्या हक्काची त्याची बाजू टॉमस पेनने पुढे नेली. १७९७ च्या ‘ॲग्रेरियन जस्टिस’मध्ये त्याने मांडलं, की लागवडीचं श्रेय शेतकऱ्याचं, पण मूळ जमीन साऱ्या मानवजातीची होती. म्हणून जमीनदाराने समाजाला भाडं द्यावं. वारसाहक्कावर कर बसवून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला पंधरा पौंड, आणि पन्नाशीनंतर दरसाल दहा पौंड. स्त्रियांनाही, आणि दान म्हणून नव्हे तर हक्क म्हणून.

पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ तरुण जोतीराव फुल्यांनी पुण्यात वाचलं होतं. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेल्या निवेदनात हिशेब अगदी रोकडा आहे. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. कराला संमती हवी हे लॉकने सांगितलं होतं. ज्याच्या श्रमातून कर निघतो त्याला त्या पैशाचा हिशेब विचारता आला पाहिजे, हे जोतीरावांनी सांगितलं. पटनीत दाराबाहेर ठेवलेला माणूस इथे बोलायला उभा राहिला.

कसेल त्याची जमीन, या मागणीवर उभा राहिलेला आपला १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन इथे आठवतो. त्या दिवशी मुंबई राज्यातली असंख्य कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार ठरली, आणि कोकणापासून देशापर्यंत अनेक घरांनी कूस बदलली. श्रम मालकी निर्माण करतात हे तत्त्व एवढ्या मोठ्या प्रमाणावर अमलात आलेलं क्वचितच दिसतं. पण कायद्याच्या व्याख्या वाचा. ‘जातीने कसणे’ यात स्वतःच्या देखरेखीखाली, रोख किंवा वस्तूरूप मजुरी देऊन, गड्यांकडून करून घेतलेली शेतीही धरली आहे. आणि कूळ कोण, हे सांगताना मजुरीवरचा नोकर व रोजंदार स्पष्टपणे वगळला आहे. वर्षाच्या बोलीवर राबणारा सालगडी दोन्हीकडून सुटला. त्याची नांगरट मालकाच्या कसण्यात जमा झाली, आणि त्याला स्वतःला कूळ म्हणून अर्ज करायची सोय राहिली नाही.

ब्रिटिश राजवटीत प्रांतिक निवडणुकीचं मत जमीनमहसूल, मालमत्ता किंवा शिक्षण यांवर ठरे. आयर्टनचीच ती कसोटी. राज्यघटनेने ती मोडली आणि सालगड्याला मालकाइतकंच एक मत दिलं. १९५७ च्या वसंतात दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. जमीन नसलेल्या सालगड्याने तिच्यात दुसऱ्यांदा मत दिलं. मतामुळे मालमत्ता बुडेल ही आयर्टनची भीती त्याच्या मताने खरी केली नाही. ज्या रानात तो राबत होता, त्याच्या सातबाऱ्यावर मात्र त्याचं नाव आजही नाही.