ॲपची तपासणी : नकार आणि विलंब

तपासनीसाची कात्री कोल्हापुरास नवी नाही. येथल्या प्रभात फिल्म कंपनीने 1930 साली शिवछत्रपतींवर मूकपट काढला, तेव्हा सेन्सॉरने नावातील ‘स्वराज्य’ या शब्दासच हरकत घेतली आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने पडद्यावर आला. आज मोबाईलसाठी ॲप तयार करणाऱ्या आपल्या तरुणांपुढे तशाच जातीचा तपासनीस उभा आहे. भेद इतकाच की, तो सरकारचा नसून दुकानदाराचा आहे.

ॲपलने आपले ॲप-दुकान जुलै 2008 मध्ये उघडले. तेथे मांडावयाचे प्रत्येक ॲप आधी तपासले जाते. 2022 साली सुमारे 61 लाख अर्ज तपासण्यात आले आणि सुमारे 16 लाख 80 हजार नाकारले गेले. म्हणजे शंभरांतील 27. तेव्हा नकार आला म्हणून कोणी आपणांस नालायक समजण्याचे कारण नाही.

नकार का येतो? ॲपलच्याच सांगण्यानुसार चाळीस टक्क्यांहून अधिक अडचणी केवळ अपुरेपणाच्या असतात : ॲप मध्येच बंद पडते, दुवा उघडत नाही, किंवा आत शिरण्यासाठी लागणारे नमुन्याचे खाते तपासनीसास दिलेलेच नसते. कुलूप लावून किल्ली न देता घर पाहावयास बोलावण्यासारखेच हे!

आता आपल्या गावचे उदाहरण घेऊ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. समजा, दोघा-तिघा विद्यार्थ्यांनी ही पाणीपातळी दाखवणारे ॲप केले. 2019 चा महापूर पाहिलेल्या नगरास त्याचे मोल सांगावयास नको. परंतु गूगलचा नियम असा की, सरकारी माहिती देणाऱ्या ॲपने तिचा उगम दाखवावा आणि आपण सरकारचे प्रतिनिधी नाही, हे स्पष्ट सांगावे. हा नियम जाचक वाटला तरी योग्यच आहे. पुराच्या रात्री खोट्या आकड्यावर विसंबणे परवडणारे नाही.

विलंबाचे गणित निराळे. ॲपलकडील बहुतेक अर्ज एका दिवसात तपासून होतात, असे ती कंपनी सांगते. गूगलकडे मात्र नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या नव्या वैयक्तिक खात्यास आधी किमान 12 परीक्षकांकडून सलग 14 दिवस ॲप वापरवून घ्यावे लागते. त्यानंतर परवानगीचा अर्ज, मग तपासणी. तीस आठवडा किंवा अधिकही लागू शकतो. त्यात एक नकार धरला, तर महिना सहज जातो. म्हणून जुलैत लागणारे ॲप एप्रिल-मेमध्येच दाराशी नेले पाहिजे.

नकार आलाच, तर पत्रातील कलमाचा क्रमांक नीट वाचावा. तेवढाच दोष दुरुस्त करावा. काय बदलले ते थोडक्यात कळवावे. तेच ॲप न बदलता पुनःपुन्हा धाडल्याने काही साधत नाही. निर्णय चुकीचा वाटल्यास दोन्हीकडे अपील आहे. खरीच निकड असल्यास ॲपलकडे त्वरित तपासणीची विनंतीही करता येते.

पण सारा दोष अर्जदाराचा मानणेही न्याय्य नाही. शुल्काच्या वादावरून 1 मार्च 2024 रोजी गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप दुकानातून काढली; मुंबईची शादी डॉट कॉम त्यांत होती. केंद्र सरकारने लक्ष घातल्यावर काही दिवसांत ती परत आली. मोठ्यांसाठी मंत्री धावले. लहानांसाठी कोण धावणार? दुकान ज्याचे, नियम त्याचे, आणि निवाडाही त्याचाच, ही स्थिती निकोप नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये या दुकानाच्या व्यवहारांबद्दल गूगलला 936 कोटींचा दंड केला. 2025 मध्ये अपिलात तो सुमारे 216 कोटींवर आला.

आम्हांस वाटते, नियम पाळण्याची शिस्त आणि नियम करणाऱ्यास जाब विचारण्याची हिंमत, या दोन्ही गोष्टी आपल्या तरुणांनी एकदमच शिकाव्यात. पहिलीने ॲप दुकानात पोहोचेल. दुसरीने ते तेथे सन्मानाने राहील.